कुत्र्याचं म्हातारपण

भोसरीत 'पांजरपोळ' म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला नाशिक रस्त्यावरची वाहनांची रांग, आणि मध्येच हे जुनं नाव. कंपन्यांत नव्याने आलेल्या मुलांना त्याचा अर्थ ठाऊक नसतो. पांजरपोळ म्हणजे म्हातारी, लंगडी, कामातून गेलेली जनावरं मरेपर्यंत सांभाळायची जागा. आपल्या मनात तो शब्द गाईबैलांशी जोडलेला आहे. पण मुंबईचा पांजरपोळ निघाला त्याचं मूळ कुत्र्यांत आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

गोष्ट १८३२ सालची. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारावीत, असा मुंबईत कंपनी सरकारचा शिरस्ता होता. एका कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आणे ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. मारेकरी मग मोकाट कुत्र्यांवर थांबेनात. लोकांच्या दारातली, पाळलेली कुत्रीही धरू लागले. ६ जूनला पारशांचा पवित्र दिवस होता आणि पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. त्या दिवशी कोट भागात लोक कुत्री मारणाऱ्यांवर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, पारशांना हिंदू-जैन व्यापाऱ्यांची साथ मिळाली, आणि साहेबलोकांना रोजचा पाव-मटण मिळण्याचीही पंचाईत झाली. सरकारने लष्कर आणून दंगा मोडला. पण प्रश्न मोडला नाही. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. कुत्री मारण्यापेक्षा ती ठेवायला जागा असावी, हा त्यामागचा एक विचार.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझ्या घरात एक म्हातारं कुत्रं आहे आणि ते पूर्ण आंधळं आहे. मोती त्याचं नाव. लॅब्राडोर जातीचा, वय बारा. त्याच्याबरोबर राहताना माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे कुत्र्याच्या मरणाबद्दल पुष्कळ बोललं गेलंय, पण त्याच्या म्हातारपणाबद्दल जवळजवळ काहीच नाही. भाषाच बघा ना. 'कुत्र्याच्या मौतीने मेला' असं आपण म्हणतो. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' असंही म्हणतो. या म्हणीत आंधळं माणूस आहे, कुत्रं मात्र चांगलं डोळस आणि चलाख आहे. आंधळं कुत्रं आपल्या म्हणींत कुठे सापडत नाही. सापडणार तरी कसं? आंधळं होण्याइतकं जगायचं कोणतं कुत्रं?

मी आकुर्डीला नोकरीला आलो १९७८ साली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. कारखाने होते, पण त्यांच्यामध्ये ज्वारीची रानंही होती. गावातली कुत्री ही गावाची असत, कोणा एकाची नसत. धनगरांची मेंढरांमागे चालत, शेतकऱ्याची खळ्यावर झोपत. भाकरीचा तुकडा मिळे, नाव मिळे, पण औषध कोणी देत नसे. सात-आठ वर्षांचं कुत्रं म्हणजे म्हातारं. त्यात रस्त्यावर ट्रक वाढले. त्या काळी बहुतेक शहरांत पालिकेची गाडी यायची, चिमट्याने कुत्री धरली जायची किंवा विष घातलं जायचं. ज्याला दिसेनासं झालं, ते कुत्रं त्या गाडीला किंवा ट्रकला पहिल्यांदा सापडायचं. आंधळेपण ही तेव्हा अवस्था नव्हतीच. तो शेवट होता.

हे बदललं ते हळूहळू, आणि वेगवेगळ्या दिशांनी. एक दिशा औषधाची. पाश्चरने पिसाळण्यावरची लस माणसाला पहिल्यांदा दिली १८८५ मध्ये. कुत्र्याच्या पिल्लांना झपाट्याने मारणारा डिस्टेंपर हा रोग विषाणूचा आहे हे इंग्लंडमध्ये लेडलॉ आणि डंकिन यांनी १९२०च्या दशकात पक्कं केलं आणि त्यावर लस काढली. त्या संशोधनाचा पैसा एका शिकारीच्या मासिकाने वर्गणी काढून जमवला होता, ही गंमत. आपल्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि देशात पेनिसिलीन बनू लागलं. जंतूंवरची औषधं अशी देशात सुलभ झाली, तशी ती माणसांच्या मागोमाग जनावरांच्या दवाखान्यांतही आली. दुसरी दिशा कायद्याची. प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा १९६०चा. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत खरा फरक पडला २००१ मध्ये, जेव्हा मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण करून जिथून धरलं तिथेच सोडायचं, असा केंद्राचा नियम झाला. २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. या नियमावर वाद आहेत आणि चावा बसलेल्या माणसाचा राग मला समजतो. पण एक गोष्ट त्यातून झाली: कुत्र्याला म्हातारं व्हायला वेळ मिळाला.

तिसरी दिशा घरांची. प्राधिकरणात बंगले आले, मग सोसायट्या आल्या, आणि कुत्रं दारातून आत, तिथून सोफ्यावर गेलं. आधी अल्सेशियन, मग पांढरी पॉमेरियन. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे चालला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सांगवीपासून निगडीपर्यंत पगच पग झाले. त्यानंतर लॅब्राडोर. फॅशनने कुत्री येतात, पण त्यांच्याबरोबर त्यांचे डोळेही येतात. पगचे डोळे खोबणीतून बाहेर आलेले. लवकर कोरडे पडतात, ओरखडतात, बुबुळावर काळा थर चढतो. आणि लॅब्राडोर, स्पॅनियल, पूडल यांच्या रक्तात एक जुना दोष फिरतो. मोतीला तोच आहे.

हा दोष डोळ्याच्या पडद्याचा. पडदा हळूहळू वाळत जातो. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग उजेडातही. स्वीडनमध्ये माग्नुसन या संशोधकाने १९११च्या सुमारास गॉर्डन सेटर कुत्र्यांत तो पहिल्यांदा नोंदवला आणि जवळच्या नात्यात पैदास केल्याने तो वाढतो हेही दाखवलं. दुखत नाही. म्हणूनच तो लपतो. कुत्रं रोजच्या घरात पाठांतरावर चालतं, आणि घरच्यांना वाटतं त्याला सगळं दिसतंय. दिवाळीला रंगकाम निघतं, सोफा इकडचा तिकडे जातो, आणि कुत्रं धडाधड आपटायला लागतं. लोक म्हणतात, परवापर्यंत ठीक होतं, एका रात्रीत आंधळं झालं. ते झालेलं असतं वर्षभर आधी. मोतीने आम्हाला तसा चकवा दिला नाही, कारण तो संध्याकाळनंतर जिन्याशी थांबायला लागला होता आणि डॉक्टरांनी तेवढ्यावरूनच पडदा तपासला. नाव मोती, पण मोतीबिंदू मात्र नव्हता, असा विनोद आमच्याकडे तेव्हापासून चालतो.

डोळा निळसर दिसला म्हणजे कुत्रं आंधळं झालं, हा समज मात्र काढून टाका. सात-आठ वर्षांनंतर भिंगाचा गाभा दाट होतो, डोळ्यात निळी झाक येते, आणि कुत्र्याला तरी बऱ्यापैकी दिसत असतं. घरी पाहायचं तर कापसाचा बोळा त्याच्या समोर वरून सोडा. कापसाला आवाज नाही, वास जवळजवळ नाही. नजर त्याच्यामागे गेली तर डोळा काम करतोय. बाकी निदान डॉक्टरांचं. पण तीन गोष्टी कुठल्याही मालकाने ओळखाव्यात. डोळा अचानक लाल, धुरकट, टणक झाला आणि कुत्रं डोकं टेकून गप्प बसलं तर काचबिंदू असू शकतो. तिथे दिवस नाही, तास मोजायचे. कुत्रं फार पाणी पिऊ लागलं, वजन उतरलं, तर मधुमेह बघा. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना वर्षभरात मोतीबिंदू होतो. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून, आणि आज तेच इन्सुलिन आपण कुत्र्याला टोचतो. तिसरी गोष्ट आपल्या पट्ट्यात सगळ्यांत जास्त: गोचीड ताप. १९३५ मध्ये अल्जीरियात त्याचा जंतू ओळखला गेला. ताप जातो, पण डोळ्यात रक्त उतरून दृष्टी जाऊ शकते. वेळेत गोळ्या मिळाल्या तर वाचतं. गोचीड ही घाण वाटायची गोष्ट नाही, डोळ्याची गोष्ट आहे.

मोतीचं निदान झालं तेव्हा सोसायटीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी मला खालच्या आवाजात सांगितलं, 'इंजेक्शन देऊन टाका, का हाल करताय?' त्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता. ते स्वतःला मोतीच्या जागी ठेवून बघत होते. माणसाला डोळे गेले की जग गेलं असं वाटतं, कारण आपण डोळ्यांवर जगतो. कुत्रं डोळ्यांवर जगत नाही. याला अपवाद कारवानी कुत्री. मराठवाड्यात आणि तिकडे मुधोळकडे ती सशामागे नजरेने धावायला जोपासली गेली. बाकीच्यांचं जग नाकात असतं. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर जंजीर नावाच्या लॅब्राडोरने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. तो पुण्यातल्या पोलिसांच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेला होता. २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला गेला. ते आरडीएक्स त्याने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

कॉर्नेल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०२२ मध्ये कुत्र्यांच्या मेंदूचे एमआरआय काढून एक गोष्ट दाखवली. कुत्र्याच्या वासाच्या केंद्रापासून मेंदूच्या मागच्या, म्हणजे दृष्टीच्या भागाकडे थेट तंतूंची वाट जाते. अशी वाट तोवर दुसऱ्या कुठल्या प्राण्यात कोणी दाखवली नव्हती. आंधळी कुत्री अंगणात चेंडू कसा शोधतात, याचं एक उत्तर त्यात असावं. मी ही बातमी त्या गृहस्थांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, 'मग याला वासाचं जग नीट ठेवून द्या.' मला त्यांचं हे वाक्य डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा उपयोगी पडलं.

ठेवून देणं म्हणजे काय, ते आम्ही करत करत शिकलो. सगळ्यांत पहिलं, सामान हलवायचं नाही. खुर्ची ओढली तर परत तिथेच. पाण्याचं भांडं, जेवणाचं भांडं, झोपायचं अंथरूण यांच्या जागा ठरलेल्या. घर त्याच्या डोक्यात नकाशा म्हणून असतं. आपण एक स्टूल हलवतो तेव्हा त्याच्यासाठी रस्ता खोदून ठेवतो. जिन्याच्या तोंडाशी काथ्याचं खरखरीत पायपुसणं टाकलं, म्हणजे पंजाला कळतं की पुढे पायरी आहे. आणि आम्ही घरी नसलो की तिथे लाकडी फळी आडवी. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या गादीतला स्पंज बांधला. कोणी सांगतं, निरनिराळ्या खोल्यांना निरनिराळ्या तेलांचे वास लावा. आम्ही तसं केलं नाही. कापूर, निलगिरी असली तेलं कुत्र्याला बाधतात, आणि घरात वासांना तोटा नसतोच. स्वयंपाकघराला फोडणीचा वास, न्हाणीघराला साबणाचा, माझ्या खोलीला जुन्या वर्तमानपत्रांचा. नोकरीत होतो तेव्हा दुसऱ्या पाळीहून रात्री परतलो की कपड्यांना कूलंटचा वास असे आणि तेव्हाचं आमचं कुत्रं फाटकापाशी यायच्या आधीच उभं असे. मोतीला तो वास मिळाला नाही. तो मला किल्ल्यांच्या जुडग्यावरून ओळखतो आणि आमच्या हिला बांगड्यांवरून.

दुसरं म्हणजे आवाज. हात लावायच्या आधी नाव घ्यायचं, नेहमी. झोपेतल्या आंधळ्या कुत्र्याला कोणी एकदम धरलं तर ते दचकून चावतं आणि मग 'म्हातारं कुत्रं चावरं झालं' असा शिक्का बसतो. इमारतीतल्या पोरांना मी हे एकदा सांगितलं. आता ती जिन्यातच 'मोती, मोती' ओरडत येतात, थोडं जास्तच. शब्द शिकवता येतात, म्हातारपणीसुद्धा. 'पायरी' म्हटलं की तो पाय उचलतो, 'थांब' म्हटलं की थांबतो, 'हळू' म्हटलं की नाक खाली घेतो. तीन शब्दांना साधारण तीन आठवडे लागले, रोज दहा मिनिटं, आणि बक्षीस भाकरीचा तुकडा. पट्टा गळ्यात नको, छातीला बांधायचा. गळ्यावर ओढ बसली की डोळ्यातला दाब वाढतो, आणि काचबिंदूच्या कुत्र्याला ते फार वाईट. फिरायचा रस्ता रोज एकच, पण घाई नको. ज्या खांबाशी त्याला पाच मिनिटं हुंगायचंय, तिथे पाच मिनिटं उभं राहायचं. त्याचं वर्तमानपत्र ते. दिसत नाही म्हणून फिरवणं बंद करणारे लोक मी पाहिलेत. कुत्रं मग एका कोपऱ्यात पडून राहतं आणि ते म्हणतात, बघा, आंधळेपणाने खचलं.

आपल्या शहराचे त्रास वेगळे आहेत. सोसायटीच्या पार्किंगमधल्या मोटारसायकली तीन पाळ्यांप्रमाणे तीनदा जागा बदलतात, त्यामुळे तिथे नकाशा चालत नाही. तिथे माणूसच सोबत हवा. गुरुवारी कारखान्यांची सुट्टी, त्या दिवशी रस्ते शांत, म्हणून नवा रस्ता दाखवायचा तर आम्ही गुरुवारी दाखवतो. दिवाळी आणि गणपती विसर्जन मात्र कठीण. डोळे नसलेल्या कुत्र्याला ढोल आणि फटाका कुठून येतो तेच कळत नाही. त्या रात्री मोती मधल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा मोठा, आणि कोणीतरी जवळ बसलेलं. ते कोणीतरी बहुतेक मीच.

एका आनंदाच्या गोष्टीने औषधाचा भाग पुरा करतो. फ्रान्सच्या मेंढपाळांची ब्रिआर्ड नावाची जात आहे. तिच्यातली काही पिल्लं जन्मतःच जवळजवळ आंधळी असत. दोष एका जनुकात होता, आणि तोच दोष माणसाच्या काही मुलांतही असतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा तीन कुत्र्यांच्या डोळ्यात, पडद्याच्या मागे, चांगलं जनुक पोचवलं. कुत्र्यांना दिसू लागलं. त्यांतल्या लान्सलॉट नावाच्या कुत्र्याला तर वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींसमोर नेण्यात आलं. त्याच वाटेने पुढे माणसांवरचं औषध तयार झालं आणि २०१७ मध्ये तिथल्या सरकारने त्याला मान्यता दिली. आंधळ्या कुत्र्यांनी आंधळ्या मुलांना डोळे मिळवून दिले, असं म्हटलं तर ते फार चूक नाही. मोतीच्या आजाराचं जनुक वेगळं; ते २००६ मध्ये सापडलं, पण त्यावर दवाखान्यात मिळेल असं औषध अजून नाही. तपासणी मात्र आहे. लॅब्राडोर किंवा स्पॅनियल विकत घेणाऱ्याने पिल्लाच्या आईबापांची ही तपासणी मागावी. विकणारा कटकट्या म्हणेल. म्हणू द्या.

परवा चाकणला एका मित्राच्या कामानिमित्त गेलो होतो. मोठा कारखाना, मोठं गेट, सहा-सात सुरक्षारक्षक. गेटच्या केबिनला टेकून एक तांबूस गावठी कुत्री बसली होती. एका कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी झालेली. दोन्ही डोळे पांढरे. वय विचारलं तर रक्षक म्हणाला, 'मी आलो तेव्हापासून आहे साहेब, म्हणजे अकरा वर्षं तर झाली.' दुपारची पाळी सुटायची वेळ होती. बसगाड्या यायला लागल्या तशी ती उठली, भिंतीला अंग घासत चार पावलं मागे गेली आणि केबिनच्या कोपऱ्यात, कुठलंही चाक पोचणार नाही अशा जागी, पुन्हा बसली. एवढ्यात रक्षकांचीही पाळी बदलली. जाणाऱ्याने येणाऱ्या नव्या पोराला गेटपासची वही दिली, शिट्टी दिली, काठी दिली, आणि केबिनमागच्या जर्मनच्या भांड्याकडे बोट दाखवून म्हणाला, 'पाणी भर, पण भांडं तिथून हलवू नको.'